वझे काकांच्या मीटरचे दोन काटे

“लड़की से गलती हो गई होगी, माताजी,” त्रिपाठी सर फोनवर म्हणाले.

लड़की म्हणजे मी. मी त्यांच्यापासून चार फुटांवर बसले होते. हातात सोल्डरिंग आयर्न होतं, समोर उघडलेला ॲम्प्लिफायर होता. सरांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

“नई है न. सीख रही है. आप परेशान मत होइए, कल भेजता हूँ उसको.”

त्या दुकानात मला तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं.

सरांनी फोन ठेवला आणि मला सांगितलं, वझेजींच्या घरी जाऊन ये. त्यांची रेकॉर्डिंग फाटली आहे, मीटरमध्ये काहीतरी गडबड करून ठेवली आहेस तू. मी “जी सर” म्हणाले. एवढंच. माझं असं होतं की राग आला की आधी आवाज जातो. शब्द दोन तासांनी येतात, तेही इंग्लिशमध्ये. तोवर समोरचा माणूस जेवून झोपलेला असतो.

हे मीटरचं प्रकरण काय होतं ते आता सांगते.

आमचं दुकान वाराणसीत, सिगऱ्याजवळ. ॲम्प्लिफायर, स्पीकर, मिक्सर, लग्नातल्या डीजेची मशिनं, देवळांचे लाउडस्पीकर, सगळं दुरुस्तीला येतं. पुढच्या काउंटरवर सर बसतात. मागच्या टेबलावर मी. गिऱ्हाईक सरांशी बोलतं, सर मला सांगतात, मी काम करते, सर गिऱ्हाइकाला सांगतात की “कर दिया”. मी इंग्लिश मीडियमची, म्हणून डेटाशीट वाचणं आणि कंपन्यांना मेल लिहिणं ही कामंही माझ्याकडे. बाहेरच्या लोकांना मी “मेलवाली मैडम” म्हणून माहीत आहे.

वझे काका मात्र सरळ माझ्या टेबलापाशी आले होते. ते भोसले घाटाच्या वरच्या गल्लीत राहतात. रेल्वेतून रिटायर झालेले, दोन्ही कानांत मशीन. त्यांचं घर चार-पाच पिढ्या काशीतलं. आम्ही बाबांच्या बँकेच्या बदलीमुळे आलेलो. इथल्या गणपतीत मराठी माणसं भेटतात तेवढीच ओळख. पण कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की सिगऱ्याला एक मराठी मुलगी आहे, ती जुन्या मशिनी दुरुस्त करते.

“तू ती का?” त्यांनी विचारलं.

“हो काका.”

“मग बरं झालं. हिंदीत सांगत बसलो असतो तर ते पुढचे सज्जन मला नवीन सिस्टम विकून मोकळे झाले असते.”

पुढच्या सज्जनांनी मान वर केली. त्यांना मराठी कळत नाही, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळतं.

काकांकडे एक जुनी स्टिरिओ सिस्टम होती. ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक, लाकडी डब्यातले दोन मोठे स्पीकर. मुलाने बंगळुरूहून एक छोटा डिजिटल रेकॉर्डर पाठवला होता. आणि एक कॅसेट होती. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांच्याच घरात झालेल्या मंगळागौरीची. सात-आठ बायका, गाणी, फुगड्या, टाळ्या, आणि सगळ्यांना काय म्हणायचं, कधी थांबायचं ते सांगणारी काकांची आई.

“आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही,” काका म्हणाले. “फोटो चिक्कार आहेत. फोटोत ती गप्पच बसलेली आहे.”

त्यांना ती कॅसेट रेकॉर्डरवर उतरवून घ्यायची होती, आणि ते स्वतः करायचं होतं. अडचण अशी की रेकॉर्डिंग करताना आवाजाची पातळी नीट ठेवावी लागते. कमी ठेवली तर कॅसेटची खरखर वर येते. जास्त ठेवली तर आवाज फाटतो. डिजिटल रेकॉर्डरला एक वरची मर्यादा असते, तिच्यावर त्याच्याकडे जागाच नाही. आवाज तिथे पोचला की वरचा भाग सपाट कापला जातो. एकदा कापला की तो कोणालाच परत आणता येत नाही. चांगले कान असले तर ते फाटणं लगेच ऐकू येतं. काकांना येत नव्हतं.

“मला सूर कळतो अजून,” ते म्हणाले. “पण फाटतंय की नाही, नाही कळत. आणि त्या रेकॉर्डरचा स्क्रीन पोस्टाच्या तिकिटाएवढा. तू मला डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी मोठं करून दे. जुन्या डेकवर सुया असायच्या न, तशा.”

त्या सुया म्हणजे व्हीयू मीटर. काचेमागे पांढरी पट्टी, तिच्यावर आकडे, आणि एक काटा. डावीकडे उणे वीस, मग चढत चढत शून्य, शून्याच्या पुढे अधिक तीनपर्यंत लाल पट्टा. डाव्या-उजव्या चॅनेलला एक-एक. काटा आवाजाची सरासरी पातळी दाखवतो. तो जरा आळशी असतो. गाण्याबरोबर छान हलतो, पण टाळीसारखा क्षणभराचा आवाज त्याला गाठता येत नाही. तो निघेपर्यंत टाळी संपलेली असते. म्हणून मीटर लावणाऱ्याने शून्याच्या वर भरपूर जागा सोडायची असते. काटा शून्यावर असतानाही टाळ्यांना वर जायला वाव हवा.

मी सरांना सांगितलं की एक वेगळा बॉक्स करते. ॲम्प्लिफायरच्या रेक आउटमधून, म्हणजे मागच्या रेकॉर्डिंगसाठीच्या सॉकेटमधून, सिग्नल घ्यायचा, बॉक्समधल्या एका नॉबमधून न्यायचा, पुढे रेकॉर्डरला द्यायचा. नॉबच्या नंतर मीटर. म्हणजे रेकॉर्डरला जे जातंय तेच काटा दाखवेल.

“स्पीकर के टर्मिनल पे लगा दो,” सर म्हणाले. “दो तार, काम खतम.”

“सर, तिथून घेतलं तर व्हॉल्यूम वाढवला की काटा वाढेल. रेकॉर्डिंगशी त्याचा संबंधच राहणार नाही.” हे मी हिंदीत म्हणाले, अर्थात.

“सुई नाचेगी कि नहीं?”

“नाचेगी.”

“तो फिर?”

मी माझ्या पद्धतीनेच केलं. सरांनी अडवलं नाही, कारण तारा कुठून जातात यात त्यांना रस नव्हता. काटा हलवायला करंट लागतो. तो सरळ सिग्नलमधून ओढला तर सिग्नलच बिघडतो. म्हणून मध्ये एक छोटा सर्किट बोर्ड घातला, ड्रायव्हर. त्यावर प्रत्येक काट्यासाठी एक प्रीसेट. प्रीसेट म्हणजे स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा बारीक नॉब. काटा किती आवाजाला किती चढेल ते त्यावर ठरतं.

मग कॅलिब्रेशन. फोनमधून एक सारखा, सलग टोन सोडला, रेकॉर्डर त्याच्या वरच्या मर्यादेच्या अठरा डेसिबल खाली दाखवेल एवढा नॉब फिरवला, आणि तेव्हा दोन्ही काटे बरोबर शून्यावर येतील असे प्रीसेट लावले. अठरा डेसिबल म्हणजे टाळ्यांसाठी सोडलेली जागा. धक्क्याने प्रीसेट फिरू नयेत म्हणून दोन्हींवर थेंबभर नेलपॉलिश टाकलं. मरून, माझंच. आमच्या कामात हे सील असतं. सील तुटलं तर कोणीतरी हात लावलाय.

कॅसेटही मी बघितली. फीत जुनी, कोरडी झालेली. दर वेळी वाजताना डेकच्या हेडवर, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागावर, तपकिरी भुगा सोडत होती. मी ती थोडी वाजवून नॉबवर अंदाजाने एक खूण केली, फीत नव्या केसमध्ये घातली आणि काकांना सांगितलं की शक्यतो एकदाच वाजवा.

एका कागदावर सूचना लिहिल्या, मराठीत, मोठ्या अक्षरांत. शाळेत माझं मराठी नव्हतं, घरी आईने शिकवलं. म्हणून दोनदा वाचून घेतलं. “काटा शून्याच्या आसपास ठेवा. अधूनमधून लाल भागात गेला तर चालेल. सतत लाल राहिला तर नॉब कमी करा. नॉबवरची खूण साधारण आहे, काटा सांगेल ते खरं.”

शेवटचं वाक्य मी लिहिलं नसतं तर बरं झालं असतं. ते पुढे येईलच.

बॉक्स तयार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मला रामनगरला जावं लागलं. पुलापलीकडे एका शाळेच्या हॉलमधली साउंड सिस्टम बंद पडली होती. पूर्ण दिवस गेला. परत आले तर बॉक्स टेबलावर नव्हता. सर म्हणाले, वझेजींना देऊन आलो, जोडूनही दिला, बुढऊ बहुत खुश थे. मला बरं वाटलं. खरंच वाटलं. मी विचारलंही नाही काही.

चार दिवसांनी काकूंचा फोन आला, आणि मी लड़की झाले.

दुसऱ्या दिवशी मी भोसले घाटावर गेले. दार काकूंनी उघडलं.

“ये. रागावलेली नाहीये मी,” त्या म्हणाल्या. “तुझ्यावर तर नाहीच. चाय घेशील न?”

“काय झालं काकू?”

“अगं, यांना सगळं सारखंच ऐकू येतं. मी स्वयंपाकघरातनं ऐकलं तर वाटलं कोणी पापड मोडतंय. एकेका टाळीला एकेक पापड. मी म्हटलं, बंद करा ते, बिघडलंय. तर म्हणतात, नाही, सुई एकदम ठीक जागी आहे, तिने लिहून दिलंय.”

काका आत स्टिरिओपाशी बसले होते. मला बघून उठायला लागले. मी म्हातारी असल्यासारखे.

“माझंच काही चुकलं असेल,” ते म्हणाले. “तू उगीच परेशान झालीस. बघ, मी सगळं लिहून ठेवलंय.”

त्यांनी मला एक वही दिली. रेल्वेतली सवय. तारीख, कॅसेटची बाजू, आणि दर पाच मिनिटांनी काटा कुठे होता त्याची नोंद. पाच मिनिटं, शून्य. दहा मिनिटं, शून्य. पंधरा मिनिटं, शून्य, दोनदा किंचित लाल. अक्षर सुबक. दोन्ही बाजूंची, शेवटपर्यंत. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: बाजू दोन, फीत अडकली, मशीन बंद केली.

“नॉब कुठे होता काका?”

“तेच सांगायचं होतं. तू खूण केली होतीस न, तिथे ठेवला तर सुई खालीच पडून राहायची. उणे दहाच्या आसपास. मी विचार केला, खूण साधारण आहे असं तिनेच लिहिलंय, सुई सांगेल ते खरं. म्हणून नॉब वाढवला, सुई शून्यावर आणली. बरोबर केलं न?”

बरोबर केलं होतं. मी लिहिलं होतं तसंच्या तसं केलं होतं.

मी बॉक्सचे चार स्क्रू काढले. दोन्ही प्रीसेटवरचं नेलपॉलिश तुटलेलं होतं. एकाचा मरून तुकडा बोर्डावर पडलेला होता. खाचेत स्क्रूड्रायव्हरचे ओरखडे, घाईत फिरवल्यावर पडतात तसे.

फोनवरून टोन सोडून मोजलं. काटे दहा डेसिबल कमी दाखवत होते. म्हणजे काकांनी काटा शून्यावर आणण्यासाठी आवाज दहा डेसिबल जास्त दिला होता. मी सोडलेल्या अठरातले दहा गेले. उरलेल्या आठात मंगळागौरीच्या टाळ्या मावत नाहीत. सगळ्या बायका एकत्र म्हणायला लागल्या की त्याही मावत नाहीत.

मी रेकॉर्डिंग लावून ऐकलं. काकूंचं पापडाचं वर्णन अचूक होतं. आणि शेवटी, फीत अडकण्याच्या आधी, चार मिनिटं गाणं थांबतं आणि काकांची आई माइकच्या अगदी जवळून बोलते. कोणाला तरी रागावते आहे, तुझी टाळी मागे पडते, पाय आधी उचल. जवळून बोलल्यामुळे तिथे प्रत्येक शब्दाची कड कापली गेली होती. आवाज बाईचा आहे हे कळत होतं. कोणत्या बाईचा हे काकांना कळत असेल, मला नसतं कळलं.

“हे असं का झालं मग?” काकांनी विचारलं.

मला तिथे सांगता आलं असतं. मी म्हणाले, “मी दुकानात बघून सांगते.” हेही लिहून ठेवते, कारण या गोष्टीत मी काही फार शूर नव्हते. प्रीसेट तिथेच परत लावले, नवं सील टाकलं, अडकलेली कॅसेट घेतली आणि निघाले. गल्लीतून येताना इतका राग आला होता की समोरून सांड येत होता तरी मी बाजूला झाले नाही. तो झाला.

दुकानात सर काउंटरवर पान लावत होते. दोन गिऱ्हाइकं उभी होती, एक मिक्सर घेऊन आलेला डीजेवाला, एक कुठल्याशा मठाचे व्यवस्थापक. एरवी मी त्यांच्या जाण्याची वाट बघितली असती.

“सर, वझेजी के बॉक्स का प्रीसेट आपने घुमाया था?”

“कौन सा?”

“मीटरवाला. मेरी सील टूटी हुई है.”

“अरे वो. हाँ.” सरांनी चुना लावला. “देने से पहले टेस्ट किया. ढोलवाला गाना लगाया तो सुई बार-बार लाल में. अच्छा लगता है? कस्टमर देखेगा तो कहेगा माल खराब है. हम तो हर मशीन में थोड़ा दबा देते हैं.”

हे खरं होतं. दुकानाची ती पद्धतच होती आणि मला माहीत होती. लाइट लाल झाली की डीजेवाल्यांचे फोन येतात, म्हणून मशीन बाहेर जाण्याआधी सर आतून मीटर दाबून ठेवतात. मशीन ओरडत असते, लाइट हिरवी असते, फोन येत नाहीत. काही महिन्यांनी स्पीकर जळतात आणि दुरुस्तीला आमच्याकडेच येतात. मी तीन वर्षं ते बघत होते आणि काही बोलले नव्हते. ते डीजेवाले होते. माझे काका-काकू नव्हते. हेही मला त्या दिवशीच कळलं, आणि ते काही सुखाचं नव्हतं.

“सर, उस मीटर को देख के रेकॉर्डिंग करनी थी. सुई लाल में जानी ही चाहिए थी. आपने दबा दिया, तो उन्होंने आवाज़ बढ़ा दी. उनकी माँ की टेप थी. एक ही है.”

“बिटिया, तीस साल से यही काम कर रहा हूँ. मीटर शोभा की चीज है. सुई नाचे, बत्ती जले, आदमी खुश.”

“उनको सुनाई नहीं देता सर. वो सुई ही देखते हैं.”

सर हसले. डीजेवालाही हसला, सर हसले म्हणून.

“ठीक है भाई, हो गया. तुमने ठीक कर दिया न? फिर से रेकॉर्ड कर लेंगे.”

“टेप फँस गई है. शायद पूरी नहीं बजेगी. और आपने उनसे कहा कि लड़की की गलती है.”

“तो क्या कहते? फोन पे क्या कहते?”

“अब कह दीजिए जो हुआ.”

“कर देंगे फोन. शाम को.”

मला सरांची संध्याकाळ माहीत आहे. ती कधी येत नाही. मी काउंटरवरचा दुकानाचा फोन उचलला, काकांचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन सरांच्या पानाच्या डब्याशेजारी ठेवला. मठाचे व्यवस्थापक उगीचच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

फोन काकूंनी उचलला. “हॅलो?”

सर माझ्याकडे बघत होते. मी काहीच बोलले नाही. गप्प बसणं मला जमतं. या वेळी पहिल्यांदा उपयोगी पडलं.

“हाँ, माताजी, प्रणाम,” सर म्हणाले. “वो आपके मीटर का… थोड़ा सेटिंग इधर-उधर हो गया था.”

“कसं झालं इधर-उधर?” काकूंनी विचारलं. मग हिंदीत, “कैसे हो गया?”

“हो जाता है माताजी. मशीन है.”

“किसने किया, वो भी बताइए सर,” मी म्हणाले.

सरांनी फोनकडे बघितलं, डीजेवाल्याकडे बघितलं. डीजेवाला आता हसत नव्हता. तो आपल्या मिक्सरच्या हिरव्या लाइटकडे बघत होता. त्याच्या डोक्यात काय चाललंय हे मला दिसत होतं.

“हमसे हुआ, माताजी,” सर म्हणाले. “लड़की ने ठीक बनाया था. हमने बाद में खोल दिया.”

“बरं,” काकू मराठीतच म्हणाल्या. “हे त्या दिवशीच सांगायचं होतं. ती पोरगी इथे तोंड पाडून बसली होती.” आणि फोन ठेवला. सरांना किती कळलं माहीत नाही. पुरेसं कळलं असावं, कारण त्यांनी पान न खाता परत डब्यात ठेवलं.

पुढचे दोन दिवस मी जेवणाच्या सुट्टीत ती कॅसेट घेऊन बसले. डेकने शेवटचा भाग चावला होता. फीत चुरगळून चुण्या पडल्या होत्या. केस उघडली, फीत सोडवली, चुरगळलेला भाग दोन काचांमध्ये दाबून ठेवला. अशी फीत सरळ होते असं म्हणतात. थोडी होते.

रविवारी दुपारी काकांकडे जाऊन आम्ही परत वाजवली. डेकचं हेड मी साफ केलं, फिरणारे भाग तपासले, नॉब खुणेवर ठेवला. काटे शून्याच्या आसपास हलायला लागले. फुगडी सुरू झाली तसे लाल भागात गेले.

“लाल झालं,” काका म्हणाले आणि नॉबकडे हात नेला.

“होऊ दे काका. खाली येतील.”

आले. पुढे दर वेळी लाल झालं की काका माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, ते वहीत लिहायचे. काकू दारात उभ्या राहून ऐकत होत्या. पापड नव्हते. एकदा त्या म्हणाल्या, “ही गोदूमावशी. केवढ्याने ओरडायची,” आणि काकांना ते परत मोठ्याने सांगावं लागलं.

दोन्ही बाजू मिळून पन्नास मिनिटं चांगली उतरली. शेवटची चार नाही. चुरगळलेल्या जागी आवाज डुगडुगत होता, मधले मधले शब्द गायब होत होते. काकांच्या आईचं रागावणं आता आमच्याकडे दोन प्रकारचं आहे. एक फाटलेलं, पूर्ण. एक न फाटलेलं, तुकड्यातुकड्यांचं. मी घरी कॉम्प्युटरवर दोन्ही जोडून बघितली. जुळत नाहीत. काका म्हणाले, आई ओळखू येते, पुष्कळ झालं. मला ते पुष्कळ वाटलं नाही. अजून वाटत नाही. एका स्क्रूड्रायव्हरचं अर्धं वळण, आणि एवढ्यासाठी की सुई दिसायला बरी दिसावी.

काकांनी वहीत शेवटची नोंद केली ती मी वाचली. बाजू दोन, शेवटची चार मिनिटं खराब. कारण: दुकान.

दुकान असं लिहिलं होतं. मीही त्या दुकानात आहे.

लोक विचारतात, मग नोकरी सोडलीस का. नाही सोडली. या शहरात असं काम शिकायला मिळेल अशी दुसरी जागा मला माहीत नाही, आणि काम मला आवडतं. सर माझ्याशी महिनाभर फक्त कामापुरतं बोलले. मला त्याचा काही त्रास झाला नाही. मी तेवढंच बोलते. डीजेवाल्याने त्याचा मिक्सर त्याच दिवशी माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि म्हणाला, मैडम, आप देख लीजिए, अंदर कुछ दबाया तो नहीं है. दबवलेलं होतं. मी सरांच्या समोर नीट करून दिलं.

आता माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक मीटरच्या आत एक चिठ्ठी चिकटवलेली असते: कोणत्या पातळीला शून्य लावलं, कोणत्या तारखेला, आणि माझं नाव. सीलचा फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर जातो. सरांना हे आवडत नाही. ते म्हणतात, इतना लिखने से कस्टमर डरता है.

ज्यांच्या घरी असा मीटर आहे त्यांच्यासाठी एवढंच. काटा लाल भागात जास्त वेळ राहायला लागला तर नॉब कमी करा. काटा कमी करून देतो म्हणणाऱ्या माणसाला बॉक्सला हात लावू देऊ नका, त्याच्या दुकानाची पाटी कितीही जुनी असली तरी.